जयकरांची जागा

३० जून १९४७ या तारखेचं एक पत्र आहे. लिहिणारे घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. ज्यांना लिहिलं ते बाळासाहेब खेर, मुंबई प्रांताचे पंतप्रधान. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत. पत्र छोटं, कामापुरतं. आशय असा : इतर सगळे विचार बाजूला ठेवले तरी डॉ. आंबेडकरांचं घटना समितीतलं आणि तिच्या उपसमित्यांमधलं काम इतक्या तोलाचं आहे की आपण त्यांच्या सेवेला मुकता कामा नये. ते बंगालमधून निवडून आले होते. प्रांताची फाळणी झाल्यामुळे त्यांचं सदस्यत्व गेलं. पुढचं अधिवेशन १४ जुलैला सुरू होतंय, त्याला ते हजर असावेत. तेव्हा त्यांना ताबडतोब निवडून आणा.

हातात चौदा दिवस होते. मुंबईच्या वाट्याची एक जागा रिकामी होती, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी राजीनामा दिल्यामुळे. खेरांच्या काँग्रेसकडे विधिमंडळात भक्कम बहुमत होतं. जुलैमध्येच आंबेडकर मुंबईतून निवडून आले. पुढे या माणसाने मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण १९४६ च्या जुलैत ज्या पक्षाने मुंबईत त्यांना एकही जागा मिळू दिली नाही, त्याच पक्षाला वर्षभरात त्यांच्यासाठी घाईने जागा शोधावी लागली, ती का? कागद याबद्दल बरंच सांगतात.

आधी बंगाल. कॅबिनेट मिशनच्या १६ मे १९४६ च्या निवेदनाप्रमाणे घटना समितीत ३८९ जागा होत्या : ब्रिटिश हिंदुस्थानच्या २९६, संस्थानांच्या ९३. ब्रिटिश प्रांतांतून निवड जनतेने करायची नव्हती. प्रांतांची विधिमंडळंच सदस्य निवडणार, साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक. मतदान पसंतीक्रमाचं, म्हणजे विधिमंडळात मतांचा छोटा गठ्ठा असला तरी एखादी जागा निघू शके. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची प्रांतिक निवडणुकीत धूळधाण झाली होती. मुंबईत त्यांना असा गठ्ठा बांधायला माणूसच नव्हता. बंगालमध्ये होता. जोगेंद्रनाथ मंडल फेडरेशनच्या तिकिटावर तिथे निवडून आले होते, आणि त्यांनी मतं जमवली.

इथे एक दंतकथा बाजूला करायला हवी, कारण ती अजून भाषणांतून ऐकू येते. जेसोर-खुलना भागाने आंबेडकरांना निवडून दिलं म्हणून तो भाग पाकिस्तानला देऊन टाकला, अशी ती कथा. पहिली गोष्ट, कुठल्या जिल्ह्याने त्यांना निवडलंच नव्हतं. निवडलं कलकत्त्याच्या विधिमंडळाने. दुसरी गोष्ट तारखांची. ब्रिटिश सरकारच्या ३ जून १९४७ च्या फाळणीच्या निवेदनाला मुस्लिमबहुल जिल्ह्यांची यादी जोडलेली आहे. तिच्यात जेसोर आहे, खुलना नाही. म्हणजे २० जूनला बंगालचं विधिमंडळ दोन भागांत बसलं तेव्हा खुलना पश्चिमेच्या बाजूला धरलेला होता. पूर्व भागाने फाळणीविरुद्ध १०६ विरुद्ध ३५ असं मत दिलं, पश्चिम भागाने फाळणीच्या बाजूने ५८ विरुद्ध २१. कुठल्याही एका भागाचा होकार पुरेसा होता, फाळणी ठरली. त्याबरोबर बंगालच्या साठही जागांची जुनी निवड रद्द झाली आणि नव्याने वाटणी झाली, पूर्वेला ४१ आणि पश्चिमेला १९. आंबेडकरांची जागा गेली ती अशी, नियमाच्या एका कलमाने. खुलना पाकिस्तानात गेल्याचं सीमा ठरवणाऱ्या रॅडक्लिफच्या निवाड्यातून लोकांना कळलं १७ ऑगस्टला, आणि तोवर आंबेडकर दिल्लीत मंत्री झाले होते. कथेला रागाची धार आहे, आणि त्या रागामागची कारणं खरी आहेत. पण कागदांपुढे ती कथा टिकत नाही.

आता मधले सात महिने. ९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत समिती भरली. मुस्लिम लीगची बाकं रिकामी होती. १३ तारखेला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १६ तारखेला जयकर उठले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली : लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत हा ठराव थांबवा. सभागृहाला हे रुचलं नाही. जयकर हे जुन्या उदारमतवादी वळणाचे, पुणे कराराच्या वेळी सप्रूंबरोबर मध्यस्थी केलेले. कायद्याचा मुद्दा त्यांनी नीट मांडला, पण त्या दिवशी कोणाला थांबायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्षांनी अचानक आंबेडकरांचं नाव पुकारलं. वृत्तांत वाचताना ते बुचकळ्यात पडलेले जाणवतात. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आपली पाळी आलीच तर उद्या येईल असं वाटत होतं, तयारी करून बोलायची इच्छा होती, असं सांगून ते सुरुवात करतात. आधी ठरावावर टीका. यात हक्क आहेत, पण हक्क मोडला तर दाद कुठे मागायची ते नाही. आणि नेहरूंसारख्या समाजवाद्याच्या ठरावात शेती आणि उद्योगांच्या मालकीबद्दल अवाक्षर नाही, हे निराशाजनक आहे. हे अपेक्षित होतं. मग अपेक्षित नसलेलं आलं. आज आपण एकमेकांविरुद्ध ठाकलेल्या छावण्या आहोत आणि अशा एका छावणीचा पुढारी मीही आहे, असं कबूल करून ते म्हणाले की तरीही हा देश एक होईल याबद्दल मला शंका नाही. वृत्तांतात इथे कंसात टाळ्यांची नोंद आहे. ठराव मंजूर करण्याचा अधिकार तुम्हाला आहे की नाही हा प्रश्नच नाही, तो आज वापरणं शहाणपणाचं आहे का एवढंच बघा, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे जयकरांचाच मुद्दा. पण आदल्या दिवशी जो अडथळा वाटला तो त्यांच्या तोंडून सल्ला वाटला. ठराव अखेर २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. महिनाभर का होईना, सभा थांबली.

‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाच्या नावाचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४५ चं. ज्यांच्यावर ते लिहिलं त्यांच्याच सभेत पुढच्याच वर्षी टाळ्या पडाव्यात, याला एक भाषण पुरत नाही हे खरं. राजेंद्रप्रसादांच्या पत्रातला उपसमित्यांचा उल्लेख म्हणूनच महत्त्वाचा. आंबेडकर मूलभूत हक्कांच्या आणि अल्पसंख्याकांच्या अशा दोन्ही उपसमित्यांवर होते. मार्च १९४७ मध्ये त्यांनी फेडरेशनच्या वतीने जे निवेदन दिलं ते कलमवार, थेट राज्यघटनेच्या भाषेत लिहिलेलं आहे. शेतजमीन सरकारी मालकीची, महत्त्वाचे उद्योग आणि विमा सरकारचा, दलितांना स्वतंत्र मतदारसंघ, स्वतंत्र वसाहती. यातलं फार थोडं राज्यघटनेत उतरलं. तरी ज्यांना बारा बाजूंच्या मागण्यांचं कायद्याच्या कलमांत रूपांतर करायचं होतं, त्यांना हे कागद वाचून एक गोष्ट कळली असणार : हा माणूस मागणी लिहितानाही मसुदा लिहितो. ‘असणार’ हा शब्द माझा आहे, अनुमानाचा.

आणि आता पत्रातल्या पहिल्या शब्दांकडे पुन्हा बघा. इतर सगळे विचार बाजूला ठेवले तरी. म्हणजे इतर विचार होते. लीग निघून गेली होती, उरलेल्या देशात काँग्रेसखेरीज बोलणारा आवाज हवा होता, आणि दलितांचा पुढारी बाहेर ठेवून केलेली राज्यघटना जगापुढे कशी दिसली असती हे दिल्लीत कळत होतं. गांधीजींच्या शब्दामुळे हे झालं, असं पुष्कळांच्या आठवणींत येतं. नंतर सांगितलेल्या आठवणीपेक्षा त्या आठवड्यात लिहिलेल्या पत्राला मी अधिक वजन देतो. पत्र कामाची थोरवी सांगतं आणि राजकारण नाकारत नाही. दोन्ही एकाच वाक्यात आहेत, आणि मला वाटतं दोन्ही खरी आहेत.

पुढचं वेगाने घडलं. १५ ऑगस्टला आंबेडकर भारताचे कायदेमंत्री झाले. ज्यांनी त्यांना बंगालमधून पाठवलं ते मंडल १० ऑगस्टला कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्ष होते, आणि मग पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री. २९ ऑगस्टला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली, ३० ला तिने आंबेडकरांना अध्यक्ष निवडलं. तिच्यापुढे कोरा कागद नव्हता. घटना सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांचा २४३ कलमांचा मसुदा ऑक्टोबरमध्ये आला. समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केला तो ३१५ कलमांचा. शेवटी झाली ३९५. सभागृहात ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांना उत्तर द्यायला एकच माणूस उभा राहत होता. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहात हिशेबच मांडला : सातांपैकी एकाचा राजीनामा, एकाचा मृत्यू, एक अमेरिकेत, एक राज्यकारभाराच्या कामात, एक-दोन प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर, भार पडला तो आंबेडकरांवर. स्वतः आंबेडकरांनी मात्र २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात श्रेयाचा वाटा नावं घेऊन राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. दोन्ही साक्षी एकमेकींना खोडत नाहीत.

१७ डिसेंबर १९४६ ची ती तक्रार, हक्क आहे पण दाद नाही, तिचं काय झालं? ९ डिसेंबर १९४८ ला मसुद्यातलं २५ वं कलम चर्चेला आलं. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचं. आज ते ३२ वं. आंबेडकरांनी त्याला राज्यघटनेचा आत्मा म्हटलं. त्या दिवशी घटना समितीच्या पहिल्या बैठकीला दोन वर्षं पुरी होत होती.

जयकर १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्या जागेवर मुंबईच्या विधिमंडळाने आंबेडकरांना बसवलं, तिच्या शहराने त्यांना मत दिलं नाही : पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई उत्तर मतदारसंघात काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. १९५२ मध्येच ते राज्यसभेवर गेले, पुन्हा मुंबईच्या आमदारांच्या मतांनी. २ सप्टेंबर १९५३ ला त्याच सभागृहात ते चिडून म्हणाले की मी भाडोत्री लेखनिक होतो, मला सांगितलं ते मी मनाविरुद्ध केलं. ते वाक्यही छापील वृत्तांतात आहे.