सर्पगंधा, परळ आणि नैराश्याचा सिद्धांत

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. औषधांवर बोलायचा अधिकार आमचा नाही. पण आज एका अनुमानाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याचा एक धागा इथून जवळच, परळला सापडतो.

केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांवर पडताळून दाखवलं. मुळी आपल्याकडे जुनीच. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीही तिच्यावर लिहिलं होतं. पण पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते वकिलांच्या निबंधाने. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं.

पुढे रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशा नोंदी येऊ लागल्या. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की या औषधाने प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या गेल्या आणि अनुमान निघालं: अशी द्रव्यं घटली, की नैराश्य येतं.

हे घडतं कसं? चेतापेशीत या द्रव्यांच्या सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीच्या आवरणातलं एक प्रथिन द्रव्य आत भरतं. हमालच म्हणा ना. रेसर्पिन या हमालाला जखडून ठेवतं. माल पिशवीबाहेर राहतो आणि नष्ट होतो. दुसरा हमाल पेशीच्या बाहेरच्या आवरणात असतो. बाहेर सोडलेलं सेरोटोनिन तो परत आत ओढतो. नैराश्यावरच्या आजच्या बऱ्याच गोळ्या त्यालाच अडवतात. या दुसऱ्या हमालाची, गोळी पोटात अडकलेली रचना २०१६ साली उलगडली. रेसर्पिनने जखडलेल्या पहिल्याची २०२३ साली.

यंत्रणा डोळ्यांना दिसली. पण यंत्रणा कळली म्हणजे आजाराचं कारण कळलं का? १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या चाचणीत चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रेसर्पिनने उलट आरामच पडला होता! ती चाचणी मागे पडली, अनुमान पुढे गेलं. सुंठेच्या लेपाने डोकं थांबलं, म्हणून अंगात सुंठ कमी होती असं आपण म्हणतो का?

मध्यंतरी एक जुना विद्यार्थी दादरला भेटला. म्हणाला, “सर, सेरोटोनिन कमी असतं हा सिद्धांत कच्चा आहे, असं वाचलं. गोळ्या बंद करू?” आम्ही म्हटलं, “अरे, सिद्धांत कच्चा निघाला म्हणून गुण खोटा ठरत नाही. मुळी पेशीत काय करते, हे वकिलांना तरी कुठे ठाऊक होतं? रक्तदाब उतरत होता, तो खराच. तुला बरं वाटतंय ना? मग आधी डॉक्टरांना विचार. आमच्याशी वाद घालायला नंतर ये.”