पासिंग : गाडीच्या वार्षिक परीक्षेचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचं नाव फलकावर 'मोटार वाहनांचे योग्यता प्रमाणपत्र' असं लिहिलेलं दिसतंय. ते सरकारी नाव झालं. कुठल्याही रिक्षा स्टँडवर जाऊन उभे राहा, 'योग्यता प्रमाणपत्र' हा शब्द तुम्हाला ऐकू येणार नाही. "उद्या धंदा नाही, गाडी पासिंगला न्यायची आहे," असं ऐकू येईल. हा 'पासिंग' शब्द आपल्या लोकांनी असा काही मुरवला आहे की नोंदणीलाही आपण पासिंगच म्हणतो. 'एमएच बारा पासिंगची गाडी' म्हटलं की ती पुण्याची, हे सांगावं लागत नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात ज्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या लोकांच्या तोंडी एक झाल्या. हे उगाच झालेलं नाही, आणि ते का ते पुढे येईलच.

आज आपल्याला एक साधा प्रश्न सोडवायचा आहे. ही परीक्षा रिक्षा, टॅक्सी, ट्रक, टेम्पो, एसटी, स्कूलबस यांनाच का? तुमची-आमची घरची मोटार पंधरा वर्षं कुणालाही न दाखवता रस्त्यावर फिरू शकते. ब्रेक दोघांचेही निकामी होतात, रस्ता एकच आहे, आणि खाली सापडणारा माणूसही तोच आहे. मग हा फरक आला कुठून?

त्यासाठी मोटार यायच्या आधी जावं लागतं. घोडागाडीच्या काळात.

लंडन शहरात भाड्यानं चालणाऱ्या बग्ग्यांवर पोलिसांची देखरेख होती. गिऱ्हाईक अनोळखी गाडीत बसतो, त्याला चाक तपासता येत नाही, घोडा आजारी आहे का ते कळत नाही. म्हणून त्याच्या वतीनं सरकारनं बघावं, हा त्यामागचा विचार. मुंबईत हाच विचार १८६३ च्या सार्वजनिक वाहनांविषयीच्या कायद्यानं आला. पुढे १९२० साली त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली आणि व्हिक्टोरियांचे परवाने पोलीस आयुक्तांच्या हाताखाली राहिले. (मुंबईच्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयानं २०१५ साली दिला. तेव्हा त्या खटल्यात ज्या कायद्याचा कीस पडला, तो हाच १९२० चा.) इथे लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की, तपासणी होती ती भाड्याच्या गाडीची. शेठजींची स्वतःची बग्गी कुणी तपासत नव्हतं. ती मोडली तर शेठजी पडतील, ही शेठजींची बाब.

'फिटनेस' हा शब्दही याच वाटेनं आला असं आम्हाला वाटतं. १९०६ साली लंडनच्या पोलिसांनी मोटार टॅक्सीसाठी नियम काढले, त्यांचं नावच 'कंडिशन्स ऑफ फिटनेस'. त्यातला प्रसिद्ध नियम म्हणजे टॅक्सी २५ फुटांच्या वर्तुळात वळली पाहिजे. लंडनची ती काळी टॅक्सी आजही जागच्या जागी वळल्यासारखी वळते, त्याचं मूळ या नियमात आहे.

आता दुसरी वाट बघू. ही जर्मनीतून येते आणि तिच्या उगमाशी घोडा नाही, बॉयलर आहे. १८६५ च्या जानेवारीत मानहाइम शहरात एका बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. माणूस दगावला. पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलर मालकांनी एकत्र येऊन एक मंडळ काढलं. आपणच तज्ज्ञ नेमायचे आणि एकमेकांचे बॉयलर ठराविक मुदतीनं तपासून घ्यायचे. सरकारनं सांगायच्या आधीच. अशा मंडळांचंच पुढे ट्यूफ झालं, आणि मोटारी आल्यावर बॉयलर तपासणारी ही मंडळी मोटारीही तपासू लागली. १९५१ साली जर्मनीत मोटारींची नियतकालिक तपासणी सक्तीची झाली. १९६१ पासून नंबर प्लेटवर तिची टिकली आली.

या दोन वाटांतला फरक बघा. बॉयलर कुणाचा आहे, भाड्याचा की घरचा, हा प्रश्न तिथे येतच नाही. फुटला तर शेजारी मरतो. म्हणून तपासणी सगळ्यांची.

इंग्लंड स्वतः घोडागाडीच्या वाटेवरचं. पण युद्धानंतर तिकडे जुन्या मोटारी फार झाल्या. १९५६ च्या कायद्यानं खाजगी गाड्या तपासण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि अर्नेस्ट मार्पल्स वाहतूक मंत्री असताना १९६० साली चाचणी सुरू झाली. त्या वेळच्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टच्या नावावरून लोक तिला एम.ओ.टी. म्हणू लागले. ते मंत्रालय त्या नावानं केव्हाच उरलं नाही, पण चाचणीचं नाव टिकून आहे. आपल्या पासिंगसारखंच. सुरुवातीला फक्त दहा वर्षांवरच्या गाड्या, आणि बघायचं काय तर ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. पण इतक्या गाड्या नापास होऊ लागल्या की १९६१ संपायच्या आत मर्यादा सात वर्षांवर आणावी लागली, आणि १९६७ साली तीन वर्षांवर. तेव्हापासून तिथे तीन वर्षांवरची साधी घरगुती मोटारसुद्धा दर वर्षी गॅरेजात परीक्षेला बसते.

म्हणजे ज्या देशाकडून आपण कायदा घेतला, त्यानं वाट बदलली. तोवर आपण स्वतंत्र झालो होतो, आणि आपली वाट आधीच ठरून गेली होती. ती कशी ठरली, हा आजच्या व्याख्यानाचा खरा गाभा.

१९१४ चा हिंदुस्थानचा मोटार कायदा अगदी छोटा होता. नोंदणी, चालकाचा परवाना, आणि बाकी नियम प्रांतांनी करावेत. मग पहिलं महायुद्ध संपलं, आणि लॉऱ्या व बस गावोगाव धावू लागल्या. मुंबई शहरात पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. पण शहराबाहेर त्याच्याही आधीपासून सर्व्हिस मोटारी होत्या. एका मालकाची एक गाडी, वेळापत्रक नाही, उतारू भरले की निघायचं. १९२७ साली रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पेट्रोलवरच्या जादा करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला तो या समितीच्या शिफारशीतून.

आणि इथे रेल्वेच्या पोटात दुखू लागलं. जगभर मंदी, त्यात रुळाला समांतर रस्ता, आणि त्यावर स्वस्तात उतारू नेणारी बस. १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेची पाहणी केली, १९३७ साली वेजवुड समितीनं रेल्वेच्या कारभाराची. दोन्हींचा रोख एकच होता: मोटार वाहतुकीला शिस्त लावा. त्यातून १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. त्याचं ३८ वं कलम म्हणजे परिवहन वाहनाचं योग्यता प्रमाणपत्र.

आता कुणी म्हणेल, मग काय, रेल्वे वाचवायला पासिंग काढलं? इतकं सोपं नाही. त्या काळच्या भाड्याच्या मोटारी खरोखर धोकादायक होत्या. ठासून भरलेल्या, दोरीनं बांधलेल्या. तपासणी हवीच होती. आमचं म्हणणं एवढंच की, तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी गाडी होती ती धंद्याची गाडी होती. तिला परमिट, तिला ठरलेला मार्ग, तिला योग्यता प्रमाणपत्र. खाजगी मोटार म्हणजे कलेक्टरसाहेबांची आणि संस्थानिकांची, ती त्या चौकटीत आलीच नाही.

पुढे १९८८ चा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. ३८ वं कलम ५६ वं झालं. विचार तोच राहिला, उलट अधिक घट्ट झाला. या कलमात एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की योग्यता प्रमाणपत्र चालू नसेल तर परिवहन वाहनाची नोंदणीसुद्धा वैध धरली जाणार नाही. बघा, सुरुवातीला म्हटलं ना, लोकांनी नोंदणी आणि पासिंग एकच केलं? लोक बरोबर होते. धंद्याच्या गाडीला पासिंग नाही म्हणजे कायद्याच्या लेखी ती गाडीच नाही. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी हाच कागद मागते.

घरच्या गाडीला मात्र पंधरा वर्षांची नोंदणी, आणि मग दर पाच वर्षांनी तपासून नूतनीकरण. १९८८ साली देशात मोटारी तशा कमीच होत्या, हे समजून घेऊ. पण त्यानंतर रस्ते कुणी भरले ते आपण रोज बघतो, आणि कायदा तिथेच आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. केंद्रीय नियमांतला ६२ वा नियम आणि त्याचा तक्ता वाचला तर फार नीट आहे: ब्रेक, स्टिअरिंग, दिव्यांचा झोत, रिफ्लेक्टर, आरसे, काच, वायपर, हॉर्न, सायलेन्सर, धूर, स्पीडोमीटर. नवीन गाडीला पहिली दोन वर्षं सवलत, मग दर वर्षी. २०१८ च्या अखेरीस यात बदल झाला. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला आता दोन वर्षांनी, त्यापुढच्या गाडीला दर वर्षी.

आणि रिक्षावाल्याच्या बाजूनं पासिंग म्हणजे काय? आदल्या दिवशी गाडी धुवायची, पत्रा ठोकून घ्यायचा, रंगाचा हात मारायचा, हुड शिवायचं, मीटरचं सील बघायचं, विमा, पीयूसी, टॅक्स हे कागद एका पिशवीत. सकाळपासून रांग. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि छाप घ्यायचा. त्या दिवसाचा धंदा बुडाला. एजंटाचे पैसे वेगळे, त्याबद्दल या सभागृहात वेगळं सांगायला नको. पासिंगपुरते चांगले टायर उसने आणून लावायचे आणि संध्याकाळी परत करायचे, ही तर ट्रकच्या धंद्यातली जुनी युक्ती. ब्रेक हा सगळ्याचा कळीचा भाग. तमिळ-तेलुगू मुलुखात मोटार वाहन निरीक्षकाला लोक 'ब्रेक इन्स्पेक्टर'च म्हणतात. पण ब्रेक तपासायचा तर गाडीला वेग घ्यायला जागा हवी. आणि आपल्या कित्येक प्रादेशिक परिवहन कार्यालयांकडे गाड्या उभ्या करायला जागा नव्हती.

हा मुद्दा शेवटी कोर्टात गेला. पुण्यातल्या एका नागरिकानं २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की गाड्या नीट न तपासताच प्रमाणपत्रं दिली जात आहेत. न्यायालयानं ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे असं बजावलं, आणि २०१७ च्या अखेरीस ज्या कार्यालयांकडे असा ट्रॅक नाही तिथलं पासिंग थांबलं. पुण्यातल्या अनेक गाड्यांना मग दिवे घाट चढून वर दिवे गावाला ट्रॅकवर जावं लागलं. निकाल योग्यच होता. पण त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर पडलं तेही बघा. ट्रॅक बांधला नाही सरकारनं, आणि घाट चढला टेम्पोवाला.

दंडाची गोष्टही अशीच. डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनं पासिंगची मुदत टळली की दिवसाला ५० रुपये जादा आकार ठरवला. वर्षभर पासिंग राहिलं तर १८,२५० रुपये होतात. गाडी आजारी माणसामुळे दारात उभी असो की रस्त्यावर फिरत असो, मीटर चालूच. बराच काळ हे प्रकरण कोर्टकचेरीत अडकलं होतं. २०२४ मध्ये महाराष्ट्रात वसुली सुरू झाली, रिक्षा, टॅक्सी, स्कूलबस संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि थोड्याच दिवसांत राज्य सरकारला स्थगिती द्यावी लागली. आमच्या मते इथे परीक्षेचा हेतू आणि वसुलीचा हेतू एकमेकांत मिसळला. ज्याचं पासिंग दोन वर्षं राहिलं, त्याला ३६,५०० रुपयांची भीती घातली तर तो कार्यालयाकडे येईल की कार्यालय चुकवून फिरेल?

राहिला यंत्रांचा भाग. स्वयंचलित चाचणी केंद्रात चाकं रोलरवर चढवतात, ब्रेकचा जोर आकड्यात येतो, निरीक्षकाच्या पायावर किंवा मनावर अवलंबून राहावं लागत नाही. गंमत अशी की 'प्राधिकृत चाचणी केंद्र' हे शब्द १९८८ च्या कायद्यातच आहेत. पण अशी केंद्रं सक्तीची करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली, तपशीलवार नियम २०२१ साली. अवजड गाड्यांसाठी १ एप्रिल २०२३ ही तारीख ठरली होती, ती पुढे ढकलून १ ऑक्टोबर २०२४ झाली, कारण केंद्रंच पुरेशी नव्हती. नाशिकला राज्यातलं पहिलं असं केंद्र उभं राहिलं, त्यालाही आता काही वर्षं झाली.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: "यंत्रं आली तर खाजगी मोटारींनाही दर वर्षी पासिंग लावाल का?" कायद्यात आज तशी तरतूद नाही, आणि इतक्या गाड्या तपासायची ताकद आज कुठल्याच केंद्रांत नाही. पण इंग्लंडनं सुरुवात केली होती दहा वर्षांवरच्या गाड्यांपासून, तीनच गोष्टी बघून, आणि सरकारी कार्यालयात रांगा न लावता नेमून दिलेल्या गॅरेजांमधून. आपल्याकडे पंधराऐवजी दहा वर्षं आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच धरलं, तर कुठून सुरुवात करता येईल ते दिसतं. दुचाकी त्यात घ्यायच्या की नाही, हा मात्र मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर आपण प्रश्नोत्तरांत बोलू.