मैदानातला खांब

स्मरणिका समितीने मला खरं तर 'सोसायटीची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल' लिहायला सांगितलं होतं. बँकेत अडतीस वर्षं काढली म्हणजे माणसाला आकड्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही, असा समज असतो. पण ताळेबंद आपल्या खजिनदारांनी स्वतंत्र दिलाच आहे. मी आपल्या मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाबद्दल लिहितो. गणपतीत त्याला माळा बांधतात, एरवी मुलं त्याला स्टंप समजतात. तो तिथे का उभा आहे हे माहीत असणारे आता आम्ही सात-आठ सभासद उरलो.

आणखी एक निमित्त झालं. गेल्या दिवाळीत पुतण्याचा अमेरिकेतून फोन आला. म्हणाला, "काका, इथे केबलचं बिल परवडत नाही. छपरावर अँटेना लावली की बरीच चॅनेल फुकट दिसतात. तुम्ही लोकांनी लावल्यात ना? कोणती घेऊ?" मला हसूच आलं. ज्या गोष्टीसाठी आम्ही चाळीस वर्षांपूर्वी गच्चीवर उन्हात उभे राहिलो, ती आता अमेरिकेत नवी!

मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वाशीमला त्याचा उपयोग शून्य. आम्ही त्याबद्दल फक्त पेपरात वाचायचो. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला, आणि १९८४ मध्ये गावोगाव छोटे प्रक्षेपक बसवायची सरकारने झपाट्याने मोहीम काढली. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावर, तिथून गावच्या छोट्या मनोऱ्यावर, आणि मनोऱ्यावरून आपल्या गच्चीवर, असा तो प्रवास. या लघुशक्ती प्रक्षेपकाची ताकद १०० वॅट. घरातला मोठा बल्ब १०० वॅटचा असायचा, तेवढीच! त्याचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर. आपला जिल्हा तेव्हा अकोलाच होता (वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ चा), आणि या लाटेत प्रक्षेपक आधी आला तो अकोल्याला.

मी तेव्हा जुन्या गावात भाड्याने राहत होतो. कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज काढून शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला. पोस्टात जाऊन त्याचा परवानाही काढला, कारण तेव्हा तो लागायचा. मग अँटेना. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात जास्त काड्यांची द्या. पैसे जास्त तर चित्र जास्त, एवढंच डोक्यात. त्याने दिलीही. आठ दिवस मुंग्या बघितल्यावर कळलं, ती भलत्याच चॅनेलची होती. काडीची लांबी चॅनेलवर ठरते. चौथ्या चॅनेलला ती सव्वादोन मीटर लागते, सातव्याला जेमतेम पाऊण मीटर. माप चुकलं की काड्या कितीही असोत, कपडे वाळत घालायला बऱ्या.

ही काड्यांची अँटेना मूळची जपानी. सेंडाईच्या विद्यापीठातल्या उडा आणि यागी या दोघांनी १९२६ च्या सुमारास ती जगापुढे मांडली. तिच्याच देशात तिला कुणी विचारलं नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांना इंग्रजांच्या रडारबद्दलच्या एका वहीत 'यागी' हा शब्द सापडला. त्याचा अर्थ कळेना, तेव्हा कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, हे तुमच्याच प्रोफेसरचं नाव आहे! घरचा माणूस गावाबाहेर मोठा होतो, तसंच हे.

या अँटेनात मागची काडी सगळ्यात लांब, तिच्यापुढे वायर जोडलेली दुहेरी काडी, आणि पुढे आखूड काड्या. आखूड बाजू मनोऱ्याकडे हवी. अर्ध्या गावाने उलटी लावली होती. अकोला आपल्या उत्तरेला, म्हणून वाशीमच्या सगळ्या गच्च्यांवरच्या काड्या उत्तरेकडे तोंड करून. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायच्या आधी गल्लीत एकच संवाद चाले. एकजण वर पाइप फिरवतोय, एकजण खिडकीत, एकजण टीव्हीपुढे.

"दिसून राह्यलं का?"

"मुंग्याच आहेत!"

"आता?"

"आलं, आलं... अरे गेलं! काहून हलवलं बा?"

कधी एका माणसाची दोन माणसं दिसायची, कारण लाट कशावर तरी आपटून दुसऱ्यांदा यायची. थंडीत पहाटे-रात्री मात्र चित्र अचानक स्वच्छ होई. गार हवेवर गरम हवेचा थर बसला की लाटा वाकून लांब जातात, हे नंतर वाचलं. तेव्हा आम्ही ते श्रेय बूस्टरला द्यायचो.

अडचण मुळात भूगोलाची होती. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे-तीनशे मीटरवर, वाशीम साडेपाचशेवर. मग आपण उंच, आपल्याला चांगलं दिसायला हवं ना? नाही. गच्चीच्या मधोमध उभं राहिलं की भिंतीला खेटून खाली उभा असलेला माणूस दिसत नाही, कठडा आड येतो. पातूरचा घाट हा आपला कठडा. मेडशीकडच्यांना, म्हणजे कठड्याजवळच्यांना, आपल्यापेक्षा बरं दिसावं, हा त्यातला न्याय.

एक हिशेब सांगतो. मनोऱ्याची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करायची आणि तिला चारने गुणायचं. सपाट जमिनीवर साधारण तितके किलोमीटर लाट सरळ पोचते. मनोरा ३० मीटरचा आणि अँटेना ९ मीटरवर धरली, तर ३४ किलोमीटर. अकोला हवाई अंतराने ६५ च्या पुढे. आणि आणखी दहा फुटी तुकडा जोडून अँटेना १२ मीटरवर नेली, तर पल्ला वाढतो दोन किलोमीटरहून कमी.

हा हिशेब मला तेव्हा माहीत असता तर बरं झालं असतं.

शेजारच्या बिऱ्हाडात एक कॉलेजात जाणारा मुलगा होता. हरहुन्नरी. सगळ्या गल्लीच्या अँटेना तोच बसवायचा, चहावर. १९८५ चा जून, रविवारची दुपार. त्यांच्याकडे चित्र येत नव्हतं. मी खालून म्हणालो, "अजून एक तुकडा जोड, उंची कमी पडून राह्यली." त्याने जोडला. पाइप उभा करताना वारा आला, ताणाच्या तारा अजून बांधायच्या होत्या. घरामागून ११ केव्हीची लाइन गेली होती, नऊ-दहा फुटांवर असेल. पाइप तिच्यावर गेला. आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

जीव वाचला. अकोल्याच्या दवाखान्यात उजवा हात कोपरापासून काढावा लागला. त्याच्या आईने किंवा त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पुढे अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी बूथ मिळालं, आणि खुर्ची-केबिनच्या कर्जाचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. डाव्या हाताची सही होती. मी मंजूर केलं. त्याने एकही हप्ता चुकवला नाही.

त्यानंतर आपल्याच गावात प्रक्षेपक आला आणि उत्तरेकडचं ते सगळं वैभव एका फटक्यात निरुपयोगी झालं. पाच काड्यांची अँटेना, वीस फुटांचा पाइप, झालं काम.

आता सोसायटीकडे येतो. २००० साली आपण प्लॉटवर राहायला आलो तेव्हा रस्ते मुरुमाचे होते, आणि केबलवाला नाल्याच्या अलीकडे वायर आणायला तयार नव्हता. त्यामुळे प्रत्येक जण आपापला पाइप उभा करू लागला. आणि प्लॉट क्रमांक १ ते ९ च्या मागून, जुन्या गावासारखीच, ११ केव्हीची लाइन. पहिल्याच आमसभेत मी विषय मांडला: मैदानात एकच खांब, एकच अँटेना, तिथून सगळ्यांना वायर. वायर फाटे फुटत गेली की जोर अर्धा-अर्धा होत जातो, म्हणून खाली एक बूस्टर. घरटी दीडशे रुपये वर्गणी. सभेत गदारोळ झाला. "स्वतःच्या घरावर काय लावावं हेही आता सोसायटी ठरवणार का?" "बँकवाल्यांना साध्या कामाची फाइल करायची सवय!" मी कारण सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण सांगवलं नाही. ठराव तीन मतांनी पास झाला. एका सभासदाने शेवटपर्यंत स्वतःचा पाइप ठेवला. तो मागच्या लाइनपासून लांब होता, म्हणून मीही गप्प बसलो.

खांब पाच वर्षं उपयोगी पडला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनामूल्य डिश सेवा आली, केबलवालाही नाला ओलांडून आला, आणि बघता बघता छपरांवर छत्र्या उगवल्या, सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून. २०२२ पर्यंत देशभरातले बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले. अँटेनावर डिजिटल चित्र देणारं प्रक्षेपण महाराष्ट्रात मुंबई, औरंगाबाद अशा मोजक्या ठिकाणीच आलं. म्हणजे आता वाशीममध्ये कुणी अँटेना विकत घेऊ नये. बूस्टर मी भंगारात दिला, त्याचे चाळीस रुपये सोसायटीच्या खात्यात जमा आहेत.

पुतण्याला मी एवढं सांगितलं: काड्या मोजू नकोस, आधी मनोरे कुठल्या दिशेला आणि किती लांब आहेत ते बघ, आणि त्यांच्या चॅनेलच्या मापाची घे. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात; दिसलं तर स्वच्छ दिसेल, नाहीतर काहीच दिसणार नाही.

"आणि उंच किती लावू?" त्याने विचारलं.

"त्याआधी घराजवळून विजेची तार कुठून गेलीय ते बघ. पाइप आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर आहे का? नसेल तर लावूच नकोस."

"काका, इतकं काय घाबरता?"

तिकडे त्याची रात्र झाली होती, पण मी त्याला सगळं सांगितलं.