अंमल आणि मंदु

हैदराबादेत चिक्कडपल्लीला आमचे बिऱ्हाड होते तेव्हा घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात दखनी असा तीन भाषांचा संसार चाले. लहानपणी मला औषध आणायला पाठवीत, तेव्हा दुकानाला 'मंदुल षापु' म्हणायचे हे मी शिकलो होतो. मंदु म्हणजे औषध. पुढे थोडी समज आल्यावर कळले, की रात्री झोकांड्या खात येणाऱ्या माणसाबद्दलही शेजारीण 'मंदु घेतलाय' असेच म्हणते. औषध आणि दारू या दोहोंना तेलुगूत एकच शब्द!

आपली मराठीही या बाबतीत मागे नाही. फारसीच्या वाटेने आलेला आपला 'अंमल' हा शब्द पाहा. पेशव्यांचा अंमल म्हणजे राज्य, आणि भांगेचा अंमल म्हणजे धुंदी. त्यावरूनच एकीकडे 'अंमलदार' आणि दुसरीकडे 'अंमली पदार्थ'. राजस्थानात तर 'अमल' म्हणजे थेट अफूच. जे आधी औषध म्हणून घरात येते, तेच पुढे घरावर राज्य करू लागते, हा अनुभव आपल्या भाषांनी शब्दांत साठवून ठेवला आहे. माणसांनी मात्र तो लपवून ठेवला. या लेखाचा विषय हा लपवालपवीचा इतिहास आहे, आणि त्याचे एक पान आमच्या घरातले आहे.

अफूच्या इतिहासात आपले हात काही कोरे नाहीत. माळव्याची काळी जमीन अफूला मानवते, आणि माळव्यावर शिंदे-होळकरांचे राज्य होते. उज्जैन-इंदूरकडची अफू व्यापारी मुंबईला आणीत आणि तेथून ती जहाजाने चीनला जाई. बंगाल-बिहारकडे कंपनीने अफूचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता. माळव्यात १८१८ नंतरही संस्थाने टिकून राहिल्यामुळे तो डाव तिथे साधला नाही. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने मुंबईमार्गे जाणाऱ्या अफूच्या पेट्यांवर परवाना-शुल्क बसवून आपला वाटा उचलायला सुरुवात केली. मुंबईच्या कित्येक दानशूर घराण्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा पैसा होता. सर जमशेटजी जीजीभाय यांचे नाव रुग्णालयाला आहे, आणि चीनच्या अफू-व्यापाराच्या इतिहासातही आहे. दादाभाई नौरोजींनी मात्र हा व्यापार इंग्लंडला कलंक आहे, असे स्पष्ट सांगितले होते.

विलायतेतच या व्यापाराविरुद्ध ओरड वाढली, तेव्हा १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. आयोगाने हिंदुस्थानभर साक्षी घेतल्या आणि १८९५ साली निष्कर्ष काढला, की इथले लोक अफू बेताने खातात, घरगुती औषध म्हणून वापरतात, तेव्हा बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या सदस्याने भिन्नमत नोंदवले, पण सरकारी महसूल वाचला. आयोगाचे म्हणणे सगळेच खोटे होते असेही नाही. हगवणीला, खोकल्याला, सांधेदुखीला अफूची गुंज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. परंतु 'बेताने' या शब्दाच्या आड काय काय चालले होते, ते पाहायला आयोग माजघरात गेला नव्हता.

माजघरात बाळगोळी होती. गिरणीत दिवसभर राबणारी आई तान्ह्याला अफूची बारीक गोळी देऊन निजवी, म्हणजे पाळी संपेपर्यंत ते रडत नसे. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असे आढळले. गुंगीतले मूल दूध मागत नाही, म्हणून ते वाळत जाते. मात्रा चुकली तर श्वास मंदावतो आणि थांबतोही. या आयांना कोणी निर्दय म्हणू नये. पाळणाघर नव्हते, मुलाला पाहायला माणूस नव्हते, आणि एक दिवस काम चुकले तर मजुरी बुडत होती. व्यसनाच्या मुळाशी पुष्कळदा अशी एखादी साधी अडचण असते, आणि बोट मात्र स्वभावाकडे दाखवले जाते.

ही गोष्ट मुंबईपुरती नव्हती. आमची आजी देगलूरकडची. तिच्या फडताळात मोहरीच्या डब्यामागे एक पितळी डबी असे. मुलांनी तिला हात लावायचा नाही, एवढेच आम्हांला ठाऊक होते. आजी गेल्यावर ती डबी रिकामी सापडली आणि आईने ती वासावरून ओळखली. "तुझ्या सगळ्या काकांना बाळपणी हीच," एवढे बोलून तिने डबी बंबात टाकली. वितळेल असे तिला वाटले असावे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरले, की दहा वर्षांत औषध आणि शास्त्रीय कामाखेरीज अफूचा वापर बंद करायचा. १९५९ पासून अफूची उघड विक्री संपली, आणि जुन्या व्यसनी माणसांना नोंदणी करून ठरावीक मात्रा देण्याची सोय राहिली. परमिटावर अफू घेणारे म्हातारे बरीच वर्षे दिसत. त्यांना लोक हसत, पण वाळीत टाकत नसत. पुढे १९८५ साली अंमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि व्यसनी माणूस एका रात्रीत गुन्हेगारांच्या रांगेत उभा राहिला.

कायदा आला त्याच सुमारास 'गर्द'ही आली होती. हेरॉईन हे काही गल्लीतल्या गुंडाने शोधलेले नव्हे. अफूतून मॉर्फिन निघाले, आणि मॉर्फिनवर प्रक्रिया करून एका नामांकित जर्मन कंपनीने १८९८ साली ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. पुन्हा तेच : आधी मंदु, मग अंमल. १९७९ नंतर अफगाणिस्तान-इराणकडच्या उलथापालथीत या पदार्थाचे मार्ग बदलले आणि ब्राउन शुगर मुंबई-पुण्याच्या पोरांच्या हाती पडली.

आमच्या घरी मात्र गर्द आली नाही. आली ती सुई. थोरल्या काकांचा मुलगा, आमचा दादा, १९८४ साली स्कूटरवरून पडला. मांडीचे हाड मोडले. दुखणे थांबवायला पेंटाझोसिनची इंजेक्शने दिली गेली. हे औषध अफूच्याच कुळातले. हाड सांधले, पण इंजेक्शन सुटेना. ओळखीच्या दुकानातून कुपी मिळत असे, आणि सुई टोचून टोचून दंडाची कातडी लाकडासारखी झाली होती. घरात एकच शब्द ठरला होता : पाठदुखी. कोणी विचारले की दादाची पाठ दुखते. बहिणीचे लग्न ठरायचे होते, म्हणून पाठ दुखते. बँकेतली नोकरी सुटली, तीही पाठीमुळेच.

एकदा काकांनी त्याला गावाबाहेरच्या एका खाजगी ठिकाणी ठेवले. तिथे पाय साखळीने बांधत आणि 'सवय मोडण्यासाठी' मारत. अफूच्या कुळातले औषध अचानक तोडले की काय होते ते मी तेव्हा पाहिले. नाका-डोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर शहारे, पोटात पीळ, हगवण, आणि रात्रभर पाय झाडणे. आठवडाभराने हे ओसरते. ओसरल्यावर माणूस बरा झाला असे घरच्यांना वाटते, आणि खरा धोका तिथेच असतो. शरीराची सवय मोडलेली असते, पण मनाची तलफ तशीच. मग तो जुन्याच मापाने औषध घेतो आणि शरीराला ते झेपत नाही. कितीतरी मृत्यू 'बरे होऊन आल्यावर' होतात ते यामुळे. दादा थोडक्यात वाचला.

वाट सापडली ती वहिनीला. हैदराबादच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून ती मासिके आणीत असे. त्यांतल्या एका अंकात तिला पुण्याच्या कामाची माहिती मिळाली. ते काम असे. एका मित्राच्या मुलाच्या निमित्ताने डॉ. अनिल अवचट गर्दच्या प्रश्नाकडे वळले. त्यांची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे मार नव्हता, साखळी नव्हती. आलेल्याला 'रुग्णमित्र' म्हणत. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक होत. आणि बायकांसाठी 'सहचरी' गट होता, कारण व्यसन एकाला लागते आणि आजारी सगळे घर पडते, हे अनिताबाईंनी ओळखले होते. त्या १९९७ साली गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळले. मुंबईत फादर जो परेरांची 'कृपा' त्याआधीच, १९८१ पासून, काम करीत होती.

वहिनीने अंक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, इथे रोगी म्हणतात. चोर म्हणत नाहीत." दुसऱ्याच दिवशी तिने काकांसमोर प्रथमच तोंड उघडले : "मामंजी, पाठ दुखत नाहीये त्यांची. आपण सगळे खोटं बोलतोय." घरात दोन दिवस कोणी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी पुण्याच्या तिकिटांचे पैसे काढून दिले.

दादा एका खेपेत सुटला असे सांगितले तर तेही खोटेच होईल. दोनदा तो घसरला. पण दर वेळी परत जायला जागा होती, आणि घरात ते नाव घेता येत होते, हा फरक होता. २०११ साली तो हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याला सुटून अठरा वर्षे झाली होती.

आपल्या मुलखाला या उपचारांचा एक जुना धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. निजामी राज्यातले मनोरुग्णालय जालन्याला होते. १९५३ साली ते हैदराबादच्या एर्रगड्ड्याला हलवले गेले. तेव्हापासून 'एर्रगड्डा' ही चिक्कडपल्लीत शिवीच झाली. पोरे भांडताना एकमेकांना तिथे पाठवीत. ज्या दारात मदत मिळायची त्याच दाराची शिवी केली, तर माणूस जाणार कुठे?

२०१५ च्या सप्टेंबरात याचा प्रत्यय आला. तेलंगणात भेसळीच्या ताडीवर, म्हणजे आपल्या देगलूर-बिलोली-धर्माबादच्या लोकांना ठाऊक असलेल्या 'कल्लू'वर, धाडी पडल्या. त्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगीची औषधे मिसळत. ही अफूच्या कुळातली नव्हेत, पण सवय तशीच लावतात, आणि ती एकदम तोडली तर झटके येऊन जीवही जातो. पुरवठा थांबताच निजामाबाद-मेदककडची माणसे भ्रमात, थरथरत इस्पितळांत येऊ लागली. पुरवठा तोडण्याची योजना होती, उपचारांची नव्हती. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत अशाच ताडीने पुन्हा बळी घेतले.

भीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि कर्करोगाचे रोगी वेदनेत तळमळत गेले. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, तेव्हा वेदनाशमनाचा मार्ग थोडा मोकळा झाला. औषध राक्षस नव्हे आणि देवही नव्हे. ते कोणाच्या देखरेखीखाली, किती आणि कशासाठी, एवढाच प्रश्न असतो.

आज वाट पूर्वीपेक्षा सोपी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे दोन टक्के लोक अफूच्या कुळातले काही ना काही घेतात असे आढळले, म्हणजे आपले घर एकटे नाही. तलफ आवरणारी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळतात. ते 'एक व्यसन सोडून दुसरे' नव्हे, मधुमेह्याच्या इन्सुलिनसारखे ते आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्याचे ६४-अ कलम खटल्यापासून संरक्षण देते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित विकारही आजारांत धरले, आणि साखळीने बांधणे बेकायदा ठरवले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा विनाशुल्क दूरध्वनी आहे.

आजीची ती डबी बंबात वितळली नाही. राख काढताना काळी पडून निघाली. वहिनीने ती घासून ठेवली आहे, आणि आता तिच्यात हळदकुंकू असते. घरातले कोणी विचारले तर ती डबीची सारी कथा सांगते, नातसुनांनाही. पाठदुखीचे नाव मात्र घेत नाही.