उभा राहिला, पडला, निवडून आला

नाशिकमध्ये ‘आखाडा’ म्हटलं की कुणाचा, हे विचारावं लागतं. सिंहस्थ जवळ आला की आखाडे साधूंचे. एकूण 13, त्यांतले वैष्णवांचे 3 तपोवनात उतरतात, बाकीचे 10 त्र्यंबकेश्वरी. जत्रेच्या दिवसांत आखाडा पैलवानांचा. आणि महापालिकेची तारीख जाहीर झाली की तो वर्तमानपत्रांत तापू लागतो.

शब्दाचं मूळ संस्कृत ‘अक्षवाट’ असं सांगतात. वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा; आपले वाडा आणि वाडी त्याच घरातले, म्हणजे जुन्या नाशकातले वाडे आखाड्याचे चुलतभाऊच. अक्षाचा एक अर्थ मात्र फासा. कुस्तीच्या आधी तिथे जुगार चालत असावा. निवडणुकीसाठी हा शब्द उचलताना एवढं मागचं कुणी पाहिलं नसणार, पण बसलाय झकास.

कुस्तीतून आलेली बाकीची सामग्री पेपरात रोज दिसते. शड्डू ठोकणे, दंड थोपटणे, धोबीपछाड. ‘तालीम’ मूळची अरबी, अर्थ शिक्षण. ती आधी पैलवानांकडे आली, मग नाटकवाल्यांकडे, आणि आता प्रत्येक महापालिका ही विधानसभेची ‘रंगीत तालीम’ असते. उमेदवार फारसीतला, उमेद बाळगून असलेला. पूर्वी नोकरीच्या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणाऱ्याला उमेदवार म्हणत. उमेदवारी करणं म्हणजे उस्तादाच्या हाताखाली खपणं. हल्ली ती करावी लागत नाही, मिळते.

मला जास्त गंमत वाटते ती क्रियापदांची. आपला उमेदवार निवडणुकीला ‘उभा राहतो’. अमेरिका-कॅनडात तो धावतो. धावणारा फार तर मागे राहील. उभा राहणारा हरला की पडणारच. म्हणून मराठीत उमेदवार पडतो, पैलवान पडतो तसाच. कुस्तीत पडण्याचा पुरावा पाठीला लागलेली माती. मतपेटीत कुणाची पाठ टेकत नाही, मोजणी होते, तरी मथळा ‘चितपट’चाच.

इकडे कुस्ती मात्र मोजणीकडे सरकली. 2020 साली हर्षवर्धन सदगीर नाशिकचा पहिला महाराष्ट्र केसरी झाला, तो गुणांवर, 3-2 असा. समोरचा शैलेश शेळके त्याच तालमीतला. निकालानंतर हर्षवर्धनने त्याला खांद्यावर उचलून घेतलं. गुणांवर जिंकणं हे खरं तर निवडणुकीचं काम. चार मतांनी आलेल्या नगरसेवकाने समोरच्याला चितपट केलं, असं छापणं म्हणजे कुस्तीचा अपमान.

‘पाडणे’ने तर राजकारणात स्वतंत्र संसार थाटला. आखाड्यात एका वेळी दोघेच, त्यामुळे जो पाडतो तो जिंकतो. निवडणुकीत तिसराही उभा राहतो, स्वतः येण्यासाठी नव्हे, दुसऱ्याला पाडण्यासाठी. ‘पाडापाडी’ हा शब्द यातून आला, आणि कुठल्याही वस्तादाला असा डाव शिकवता येणार नाही.

एवढ्या मातीत ‘निवडणूक’ हा शब्द मात्र स्वयंपाकघरातला. निवडणं तांदळाचं, मेथीच्या जुडीचं. त्याला ‘णूक’ लागली. तिची भावंडं पाहा: मिरवणूक, करमणूक, अडवणूक, फसवणूक. प्रचाराच्या पंधरवड्यात सगळं घर एकत्र भेटतं.

निवडायला निदान दोन तरी हवेत. पण चीनच्या युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेवर पोचले, तेव्हा समोर कुणीच नव्हतं. खेळाच्या पानावर याला ‘पुढे चाल मिळाली’ म्हणतात. कुणी पडलं नाही, मत पडलं नाही, निवडण्याजोगं काही नव्हतं. तरी लिहिताना आपण लिहितो, बिनविरोध निवडून आले.