हरवलेल्या ताऱ्याचा पत्ता



थंडीच्या दिवसांत रात्री सुप्याच्या माळावर उभे राहून वर पाहा. मृगापाशी तांबूस आर्द्रेचा तारा आणि पुढे पुनर्वसूची जोडी सहज सापडेल. त्यांच्या साधारण मधोमध, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. त्याचा पत्ता लावायला शास्त्रज्ञांना वीस वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

१९७२ साली अमेरिकेने सॅस-२ हा उपग्रह सोडला. गॅमा किरण वातावरणात अडतात, म्हणून ते टिपायला वर जावे लागते. मिथुन राशीतून असे किरण येताना त्याला आढळले. पण गॅमा किरण आरशाने एकवटता येत नाहीत. दिशा मोघमच कळते. पत्रावर नुसते 'तालुका पारनेर' लिहिले, तर पोस्टमनने ते द्यायचे कोणाला? रेडिओ दुर्बिणींच्याही हाती काही लागेना. शास्त्रज्ञांनी नाव ठेवले 'गेमिंगा'. मिलानच्या बोलीत त्याचा अर्थ होतो, 'ते तिथे नाहीच'!

क्ष-किरण मात्र आरशांनी एकवटता येतात. आइन्स्टाईन नावाच्या उपग्रहाच्या वेधांवरून १९८३ साली बिग्नामी, काराव्हेओ आणि लँब यांनी त्याच टापूतल्या एका क्ष-किरण स्रोताकडे बोट दाखवले. पत्त्यात गाव आले, आळी आली, घर आले. पण घर हेच कशावरून?

अंधारात बैल दिसला नाही, तरी घुंगुरमाळेवरून धनी त्याला ओळखतोच ना? १९९२ साली हाल्पर्न आणि होल्ट यांना रोसॅट उपग्रहाच्या वेधांत त्या क्ष-किरणांचा ठोका सापडला : दर ०.२३७ सेकंदाला एक. कॉम्प्टन उपग्रहाच्या गॅमा नोंदी तपासल्या, तोच ठोका! ओळख पटली. तो होता पल्सार, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला, भिंगरीसारखा फिरणारा गाभा.

अशी शोधाशोध आपल्या शेजारीही चालते. पारनेर तालुका ओलांडून पश्चिमेला गेले, की जुन्नर तालुक्यातल्या खोडदला रेडिओ दुर्बिणींचा मेळा लागतो. २००८ साली सोडलेल्या फर्मी उपग्रहाने दाखवलेल्या एका अनोळखी गॅमा स्रोताच्या जागी या दुर्बिणींना पल्सार सापडला. २०१३ साली तो शोध प्रसिद्ध झाला. सेकंदाला चारशेहून अधिक फेऱ्या घेणारा हा गडी!

शिक्षकबंधुभगिनींनो, एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. गेमिंगाचा ठोका कळल्यावर सॅस-२ च्या जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या, आणि त्यांतही तो निघाला. उत्तर वीस वर्षे दप्तरातच होते. कोणीतरी ते नीट जपले होते, म्हणून सापडले.