परदेशातून आणलेल्या लॅपटॉपला इथं वॉरंटी मिळते का? घेण्याआधी आणि बिघडल्यावर काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीपासून गोव्यापर्यंत आणि तिकडं इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरांतही ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. आखातात किंवा अमेरिकेत नोकरीला असलेला मामा किंवा काका सुट्टीवर येतो आणि येताना कॉलेजला जाणाऱ्या भाच्यासाठी, पुतणीसाठी लॅपटॉप घेऊन येतो. सहा-आठ महिने मशीन चांगलं चालतं. मग ऐन परीक्षेच्या तोंडावर स्क्रीन काळी पडते किंवा चार्जिंगच होत नाही. वॉरंटी आहे म्हणून सर्व्हिस सेंटर गाठावं, तर काउंटरवर उत्तर मिळतं, ''हे इंडियाचं मशीन नाही.'' मदरबोर्ड किंवा स्क्रीन पदरच्या पैशानं बदलायची वेळ आली की तिकडं वाचलेले पैसे इथं जातात.

खरं तर अशा प्रत्येक लॅपटॉपला नकार मिळतोच असं नाही. कुठल्या मशीनला सेवा मिळते आणि कुठल्या नाही, हे आधी समजून घेतलं तर बराचसा मनस्ताप टळतो.

वॉरंटी सिरियल नंबरवर चालते

बेळगावात घेतलेला लॅपटॉप कोल्हापूर, हुबळी किंवा पणजीच्या अधिकृत सेंटरला दाखवता येतो. भारतात विकलेल्या मशीनला राज्याची सीमा आड येत नाही. देशाची सीमा मात्र येते. प्रत्येक लॅपटॉपचा सिरियल नंबर कंपनीच्या नोंदीत असतो. तो कुठल्या देशात विकला गेला, वॉरंटी कधी सुरू झाली आणि कधी संपते, हे त्या नोंदीवरून कळतं. सेंटरवाला सगळ्यात आधी तीच नोंद बघतो. म्हणून ''कंपनी मोठी आहे, जगभर सेंटर आहेत'' एवढ्यावर विसंबून चालत नाही. एकाच कंपनीच्या एका मॉडेलला इथं सेवा मिळते, दुसऱ्याला मिळत नाही.

कुठल्या कंपनीचं काय?

ॲपल : मॅकबुकला एक वर्षाची वॉरंटी असते आणि ती सहसा दुसऱ्या देशातही चालते. मात्र सेवा कशी द्यायची आणि कुठले सुटे भाग मिळतील, हे त्या त्या देशातल्या सोयीवर ठरतं.

डेल : मशीनच्या तळाशी सात अक्षरं-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. मशीन कायमचं भारतात आणलं असेल तर टॅगवरचा देश बदलून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा लागतो. त्याला काही दिवस जातात. तेव्हा बिघाडाची वाट न बघता मशीन आल्या आल्या अर्ज करावा.

लेनोवो : थिंकपॅडच्या बहुतेक मॉडेलना आंतरराष्ट्रीय वॉरंटी सेवा असते. घरगुती वापराच्या आयडियापॅडची वॉरंटी बऱ्याचदा विकलेल्या देशापुरतीच असते.

एचपी, असुस, एसर : तिघांच्याही आंतरराष्ट्रीय वॉरंटीच्या योजना आहेत, पण मॉडेल आणि देशाप्रमाणे अटी बदलतात. डब्यात आलेलं वॉरंटी कार्ड फेकून देऊ नये.

दुकानदारानं जादा पैसे घेऊन दिलेली 'एक्स्टेंडेड वॉरंटी' बहुधा त्या दुकानापुरतीच असते. रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून विकलेल्या मशीनवरही अनेकदा फक्त विक्रेत्याची वॉरंटी असते. ती भारतात उपयोगाची नाही.

आणणाऱ्याला आधीच सांगा

१. पैसे देण्याआधी कंपनीच्या वेबसाईटवर त्याच मॉडेलच्या वॉरंटीच्या अटी वाचा. 'ग्लोबल' हा दुकानदाराचा तोंडी शब्द धरू नका.

२. बिल अधिकृत दुकानाचं, तारखेचं आणि सिरियल नंबर लिहिलेलं असावं. बिल नसेल तर कंपनी वॉरंटी मशीन कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून मोजू शकते. त्यात काही महिने कमी होतात.

३. बिलाचा, डब्यावरच्या स्टिकरचा आणि तळाच्या नंबराचा फोटो काढून ठेवा. स्टिकर घासून पुसट होतात, बिलाची शाईही उडते.

४. कीबोर्ड बघून घ्या. आखातातल्या बऱ्याच मशीनवर अरबी अक्षरंही असतात. पुढं कीबोर्ड बदलायची वेळ आली तर तसाच भाग इथं मिळेल याची खात्री नसते.

५. चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलंय का बघा. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडं २३० व्होल्ट. तसं लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते.

१८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला सोबतच्या सामानातून एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. कुरिअरनं मागवलेल्या लॅपटॉपला ही सवलत नाही, त्यावर कर भरावा लागतो.

बिघडल्यावर

थेट सेंटरला पळण्याआधी कंपनीच्या भारतातल्या हेल्पलाईनवर किंवा वेबसाईटवर सिरियल नंबर देऊन तक्रार नोंदवा आणि केस नंबर घ्या. गल्लीतल्या दुकानात आधी मशीन उघडू नका. उघडताना काही तुटलं तर राहिलेली वॉरंटीही हातची जाते. पाणी सांडणं, पडून फुटणं हे साध्या वॉरंटीत कुठंच बसत नाही, मग मशीन कुठलंही असो.

मशीन देताना जॉब शीट घ्या. त्यावर बिघाड, सिरियल नंबर आणि तारीख लिहून घ्या. आपला अभ्यास, फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडं उतरवून ठेवा. दुरुस्तीत डेटा गेला तर कंपनी जबाबदारी घेत नाही.

मशीन परत परदेशात पाठवायचा विचार असेल तर जाणाऱ्या माणसाच्या हातातल्या बॅगेतून पाठवणं सोपं. फुगलेली किंवा खराब बॅटरी मात्र विमानातही नेता येत नाही आणि कुरिअरनंही पाठवता येत नाही.

नकार मिळाला तर

नकार लेखी मागा, ई-मेल चालेल. कंपनीच्या अटींत भारतात सेवा देऊ असं लिहिलेलं असूनही टाळाटाळ होत असेल, तर त्या अटींची प्रत जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावच्या माणसाला बंगळूर किंवा मुंबईला जावं लागत नाही. खरेदी करणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच असतो. त्यामुळं मामानं दिलेल्या लॅपटॉपसाठी भाच्यालाही दाद मागता येते. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

मात्र अटींतच 'फक्त विकलेल्या देशात' असं छापलेलं असेल तर आयोगापुढंही बाजू लंगडी पडते आणि परदेशातल्या दुकानदाराला इथं खेचणं त्याहून अवघड.

तेव्हा किंमत ठरवताना वॉरंटीही हिशेबात धरायला हवी. फरक पाच-सात हजारांचाच असेल आणि मशीनला इथं सेवा मिळणार नसेल, तर जवळच्या शहरात घेतलेला लॅपटॉपच शेवटी स्वस्त पडतो. फरक मोठा असेल आणि मॉडेलला भारतात सेवा असेल, तर मामाला बिनधास्त सांगावं. फक्त बिल जपून आणायला विसरू नको म्हणावं.